थपडेला दहापैकी नऊ

मराठी माणसाला देवाने दोन हात दिले ते एका हाताने चहाचा कप धरावा आणि दुसऱ्या हाताने मार्क द्यावेत म्हणून, अशी माझी जुनी समजूत आहे. मुलगी बघायला गेलेला मनुष्य मुलीच्या आधी पोह्यांना मार्क देतो. लग्नाला गेलेला मठ्ठ्याला देतो. एवढंच काय, मयताला गेलेला मनुष्यसुद्धा परतताना, "गर्दी बरी होती," असा शेरा मारून दिवंगताला सेकंड क्लासात पास करतो. परीक्षक होण्यासाठी स्वतः कधी परीक्षेला बसावं लागत नाही, ही या धंद्यातली मोठी सोय आहे.

माझी तक्रार त्याबद्दल नाही. मार्क द्यावेत, खुशाल द्यावेत. माझं भांडण आहे ते मार्क कशाला द्यावेत याबद्दल. आणि हे भांडण मी आज चारचौघांत भांडणार आहे, कारण खासगीत भांडून पाहिलं, तिथं मला सात विरुद्ध एक अशा मतांनी पाडण्यात आलं.

आम्ही सिडकोत राहतो. मुंबईच्या माणसाला सिडको म्हटलं की नवी मुंबई आठवते, म्हणून खुलासा करतो : सिडको औरंगाबादलाही आहे. २०२३ साली गावाचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं, पण सिडकोची सिडकोच राहिली. इथल्या पेठांना नावं नाहीत, नंबर आहेत. एन-पाच, एन-सात, एन-नऊ. पत्ता सांगितला की बुद्धिबळातली चाल सांगितल्यासारखं वाटतं. त्यातून पलीकडच्या एका भागाचं नावच मुळी 'टी.व्ही. सेंटर'. ज्या गावात रिक्षावाले सकाळपासून रात्रीपर्यंत "टी.व्ही. सेंटर, टी.व्ही. सेंटर" असं ओरडत हिंडतात, त्या गावात टी.व्ही.चे रसिक निपजायचेच.

असेच आम्ही आठ रसिक. आमचं एक मंडळ आहे. त्याला नाव नाही, कारण नावावर एकमत झालं नाही. दर शनिवारी रात्री कुणाच्या तरी घरी जमायचं, गुप्तहेरी मालिकेचा एक भाग बघायचा, यजमानीणबाईंनी केलेला सुशिला खायचा (सुशिला म्हणजे चुरमुऱ्यांचा. बाहेरगावच्या वाचकांनी उगीच दचकू नये.) आणि मग त्या भागाला मार्क द्यायचे, असा कार्यक्रम. मंडळात एक निवृत्त हेडमास्तर आहेत, त्यांना आम्ही सर म्हणतो. गुणपत्रिका त्यांच्या ताब्यात. विम्याचं काम करणारे काका आहेत. प्रेत दिसलं रे दिसलं की ते विचारतात, "वारस कोण लावलाय?" आणि खेदाची गोष्ट अशी की, पुष्कळदा खुनी तोच निघतो. शेजारच्या वहिनी मेकअपवरून खुनी ओळखतात. "एवढ्या छोट्या कामाला एवढी महाग नटी कशाला घेतील हो? हिनंच मारलंय!" बँकेतले एक साहेब आहेत. शिवाजी साटम नट होण्याआधी बँकेत नोकरीला होते, एवढ्या एका धाग्यावर ते एसीपी प्रद्युम्नना आपल्या शाखेतलं समजतात. २०२५च्या एप्रिलमध्ये मालिकेवाल्यांनी प्रद्युम्नना स्फोटात मारलं तेव्हा साहेबांनी त्या शनिवारी सुशिला घेतला नाही. देशभरच्या चाहत्यांनी एवढा गहजब केला की काही आठवड्यांत प्रद्युम्न परत आले. साहेबांनी मात्र राहिलेला सुशिला वसूल केला.

आता तुम्ही म्हणाल, एवढी साधी गंमत. त्यात भांडण्यासारखं काय आहे? सांगतो. त्यासाठी गुणपत्रिका बघायला हवी.

सरांनी पाच रकाने आखले आहेत. खून, संशयित, दरवाजा, प्रयोगशाळा आणि थप्पड. प्रत्येकाला दोन मार्क, एकूण दहा. दरवाजा म्हणजे इन्स्पेक्टर दयाने दार तोडलं की नाही. कडी नसलेलं, नुसतं लोटलेलं दार तोडलं तर अर्धा मार्क कापतात; सर कडक आहेत. प्रयोगशाळा म्हणजे डॉक्टर साळुंख्यांनी किती वेळात निकाल दिला. आणि थप्पड म्हणजे थप्पड. संशयित खोटं बोलतो, दया एक ठेवून देतो, की लगेच संशयिताला सगळं आठवतं आणि तो पहिल्यापासून, तारखेवार, सांगायला लागतो. थपडेचा आवाज, कोन आणि परिणाम पाहून मार्क ठरतात.

गेल्या महिन्यात लागोपाठ दोन शनिवारी दोन भाग झाले. पहिला 'सी.आय.डी.'चा. दुसऱ्या शनिवारी माझी पाळी होती, म्हणून मी मुद्दाम 'व्योमकेश बक्षी' लावला. बासू चटर्जींनी १९९३ साली दूरदर्शनसाठी केलेला, रजित कपूरवाला. त्यातला 'रास्ते का काँटा' हा भाग. मूळ कथा शरदिंदु बंद्योपाध्यायांची, १९३०च्या दशकातली. कलकत्त्याच्या रस्त्यावर माणसं एकाएकी कोसळून मरताहेत आणि प्रत्येकाच्या छातीत ग्रामोफोनची पिन सापडते आहे. ती मारतो कोण, कशानं, काही कळत नाही. एक गृहस्थ केवळ खिशातल्या घड्याळामुळे वाचतात, कारण पिन घड्याळावर आपटते. त्यांना विचारलं, तेव्हा काही ऐकू आलं का? ते म्हणतात, सायकलची घंटी वाजली होती. बस्स! कलकत्त्याच्या रस्त्यावर सायकलची घंटी वाजली, यात काय विशेष? पण व्योमकेश तिथंच थांबतो आणि विचार करतो. पिन त्या घंटीतूनच सुटत असते. आणि गंमत अशी की ती घंटी आपणही ऐकलेली असते. लेखकाने काही लपवलेलं नसतं. तुमच्या-माझ्यासमोर ठेवलेली वस्तू व्योमकेशला दिसते, आपल्याला दिसत नाही, एवढाच फरक.

भाग संपला. मी अपेक्षेने सरांकडे पाहिलं.

"साडेपाच," सर म्हणाले.

"सर, साडेपाच?"

"खुनाला दोन दिले. पिनेचा खून आहे, कल्पकता आहे. संशयितांना दीड. प्रयोगशाळाच नाही, तरी घड्याळ तपासलं म्हणून एक. दरवाजाला एक."

"दरवाजा कुठं तोडला?"

"तोडला नाही. पण ठोठावला. ग्रेस दिलाय मी."

"आणि थप्पड?"

"शून्य," सर खेदाने म्हणाले. "होतकरू आहे हो मुलगा, पण हात उचलत नाही."

"नुसता बसून विचार करत होता राव अर्धा तास," साहेबांनी पुस्ती जोडली. "विचार काय, आपणही करतो."

आदल्या आठवड्याच्या 'सी.आय.डी.'ला नऊ मिळाले होते. त्या भागात खुनी कसा सापडला, हे मी आठही जणांना विचारलं तर एकालाही सांगता येईना. थप्पड मात्र सगळ्यांना आठवत होती. विमावाल्या काकांनी ती करूनही दाखवली, त्यात वहिनींचा कप फुटला.

माझं भांडण ते हे. आणि ते मी 'सी.आय.डी.'शी भांडत नाहीये, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर साहेब माझ्याकडे यायचे बंद होतील. ही मालिका १९९८च्या जानेवारीत सुरू झाली, २०१८पर्यंत वीस वर्षं चालली आणि २०२४च्या डिसेंबरात पुन्हा उभी राहिली. २००४ साली त्यांनी १११ मिनिटांचा अख्खा भाग एकाही कटाशिवाय, एका दमात चित्रित करून दाखवला. आमच्याकडे १११ मिनिटं एका दमात नळाला पाणी येत नाही. तिचे कर्ते बी. पी. सिंग आणि आपले साटम यांनी त्याआधी मुंबई दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य' ही मराठी मालिका केली होती, ती पाहायला आम्ही जेवणं उरकून बसत असू. तेव्हा करमणूक म्हणून माझी काही हरकत नाही. दार तोडा, सुतारांना काम मिळतं. साळुंखे पाच मिनिटांत निकाल देतात, देऊ देत. आमच्या गावातही सरकारी न्यायसहायक प्रयोगशाळा आहे. 'व्हिसेरा राखून ठेवला' ही बातमी वाचल्यावर अहवालाची बातमी येईपर्यंत घरातली रद्दी तीनदा जाते. निदान टी.व्ही.वर तरी कुणाचं काम वेळेवर होताना पाहावं, यात समाधान आहे.

पण थपडेला मार्क? तेही पुराव्याच्या रकान्याऐवजी? कारण सरांच्या पाच रकान्यांत पुरावा नावाचा रकानाच नाही!

आम्ही असे नव्हतो हो. आमची पिढी बाबूराव अर्नाळकरांवर वाढली. त्यांच्या हजाराच्या वर रहस्यकथा निघाल्या. धनंजय, छोटू, झुंजार, काळापहाड ही मंडळी आम्हाला आतेभावा-मामेभावांइतकी जवळची होती. वाचनालयात पुस्तक नंबर लावून मिळायचं आणि शेवटचं पान कुणीतरी फाडून नेलेलं असायचं. त्यामुळे खुनी कोण ते आमचं आम्हालाच ठरवावं लागे. त्या फाटक्या पानाने आमच्या पिढीला जेवढं तर्कशास्त्र शिकवलं तेवढं कॉलेजनं शिकवलं नाही. मग १९८५ साली दूरदर्शनवर 'करमचंद' आला. पंकज कपूर गाजर खात खात खुनी पकडायचे. आमच्या गल्लीत गाजरं खाणारी पोरं वाढली, पण कुणी कुणाला मारत नव्हतं. फार तर एकेका किटीला गप्प बसायला सांगत असत.

रहस्यकथा म्हणजे शंका घेण्याची शाळा. दिसतं ते खरं नसेल, सगळे ज्याच्याकडे बोट दाखवताहेत तो निर्दोष असेल, हे ती शिकवते. व्योमकेश स्वतःला गुप्तहेर म्हणवून घेत नाही, सत्यान्वेषी म्हणवतो. सत्य शोधणारा. आणि सत्याची अडचण अशी आहे की ते थपडेनं निघत नाही. थपडेनं निघतं ते उत्तर. मारणाऱ्याला जे हवं असेल ते उत्तर!

हे मी म्हणत नाही, कायदा म्हणतो. १८७२च्या पुरावा कायद्यातलं २५वं कलम सांगत होतं की, पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही. विचार करा, राज्य इंग्रजांचं, फौजदार इंग्रजांचा, आरोपी आपला. आणि तरी इंग्रज आपल्याच फौजदाराच्या कबुलीवर विश्वास ठेवायला तयार नव्हता. त्याला कबुली कशी निघते ते ठाऊक असावं. पुढे १ जुलै २०२४ला तो कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला. हे कलम मात्र नव्या कपड्यांत, २३ नंबर लावून, जागेवर राहिलं. दीडशे वर्षांत टिकलेल्या फार थोड्या गोष्टींपैकी ती एक आहे. आणि आमचं मंडळ तिला शून्य मार्क देतं.

हे मी बैठकीत मांडलं, तेव्हा काकांचे चिरंजीव, पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून करतात ते, म्हणाले, "मग नार्को करायची. इंजेक्शन दिलं की खरं बोलतात." त्यांना सांगितलं की, बाबा रे, सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच सांगितलंय, माणसाच्या मर्जीविरुद्ध नार्को करता येणार नाही. त्यावर ते म्हणाले, "मग खुनी सापडणार कसा?" व्योमकेशचा भाग संपून दहा मिनिटंसुद्धा झाली नव्हती!

आणि हे सगळं टी.व्ही.च्या काचेआड राहिलं असतं तर मी हा लेख लिहायला बसलो नसतो. २०१७च्या सप्टेंबरात गुरुग्रामच्या एका शाळेत सात वर्षांच्या मुलाचा खून झाला. पोलिसांनी त्याच दिवशी शाळेच्या बसच्या कंडक्टरला धरलं. त्यानं कबुली दिल्याचं जाहीर झालं. देशभर लोक म्हणाले, द्या फाशी. सगळ्या देशाने त्या तपासाला दहापैकी दहा दिले. दोन महिन्यांनी सी.बी.आय.ने तपास केला आणि त्याच शाळेतल्या एका मोठ्या विद्यार्थ्याला ताब्यात घेतलं. कंडक्टरविरुद्ध काही सापडलं नाही. २०१८च्या फेब्रुवारीत कोर्टानं त्याला आरोपातून मोकळं केलं. त्याच्या कबुलीचं काय झालं? कबुली थपडेच्या रकान्यातली होती. पुराव्याच्या रकान्यात काहीच नव्हतं.

गुरुग्राम लांब आहे म्हणाल. आमची गल्ली लांब नाही.

दोन वर्षांपूर्वी मी एका लग्नाला परभणीला गेलो होतो. परत आलो तर मंडळातल्या एकांनी मला मोठ्या अभिमानाने बातमी दिली, "तुमच्या माघारी आम्ही एक केस सोडवली!" झालं होतं असं : काकांच्या अंगणातली पाण्याची मोटार नाहीशी झाली. आमच्याकडे नळाच्या दिवशी मोटार नसणं म्हणजे काय, हे इथे राहणाऱ्यालाच कळेल. पहाटे गल्लीत कोण येतं? पेपर टाकणारा पोरगा. वय चौदा-पंधरा. धरला त्याला. आधी नाही म्हणाला. एक दिली. तरी नाही म्हणाला. दुसरी दिली. तेव्हा हो म्हणाला. तिसरीला त्यानं मोटार जुन्या बाजारात विकल्याचं सांगितलं, आणि कितीला असं विचारल्यावर तीनशे रुपयांना, असा आकडासुद्धा दिला. "बघा, आकडा सांगितला! खोटं असतं तर आकडा सांगितला असता का?" असं मला विचारण्यात आलं.

चौथ्या दिवशी मोटार आली. मेकॅनिक घेऊन आला, बिलासकट. काकांच्या वडिलांनी, वय वर्षं ८६, ती रिवाइंडिंगला दिली होती आणि घरात सांगायचं विसरले होते.

मंडळाला वाईट वाटलं, नाही असं नाही. "असं होतं कधी कधी," म्हणाले. पोराला शंभर रुपये द्यायचं ठरलं, पण तो पुन्हा आलाच नाही. आता त्याचा धाकटा भाऊ पेपर टाकतो. पूर्वी पेपर दाराशी, पायपुसण्यावर असायचा. हा फाटकाच्या बाहेरूनच फेकतो, लांबून. पावसाळ्यात भिजतो. त्याची तक्रार करायला मंडळातला कुणी अजून पुढे झालेला नाही.

ते तीनशे रुपये माझ्या डोक्यातून जात नाहीत. न विकलेल्या मोटारीची किंमत त्या पोरानं कुठून काढली असेल? तिसरी थप्पड थांबावी म्हणून त्यानं एक आकडा बनवला. कुठल्याही कथालेखकाला लाज वाटेल इतका पटणारा आकडा. आणि आम्ही शिकली-सवरलेली माणसं त्याला पुरावा म्हणालो. कारण गेली कित्येक वर्षं दर शनिवारी आम्ही त्याचीच तालीम करत होतो, त्यालाच टाळ्या देत होतो. मालिकेतला मार खाणारा खरोखरच खुनी असतो, कारण तसं लेखकानं आधीच लिहिलेलं असतं. गल्लीतल्या पोराला लेखक नसतो.

आणखी एक. खुनी कबूल झाला की प्रद्युम्न त्याला फाशीची खात्री देऊन टाकतात आणि भाग संपतो. आमच्या गावात १९८४पासून उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे. जालना रोडवरून जाताना ती भली मोठी इमारत रोज दिसते. काळे कोट घातलेली शेकडो माणसं आत काय करत असतील, असा प्रश्न आमच्या मंडळाला कधी पडलेला नाही. मालिकेत कोर्टाचा सेटच नाही ना! जिथं आरोपीला बोलू देतात ती जागा दाखवायची नाही, आणि जिथं बोलायला लावतात तिला दोन मार्क.

म्हणून मी सरांपुढे लेखी प्रस्ताव ठेवला आहे. सर हाडाचे शिक्षक आहेत. चाळीस वर्षं त्यांनी एकच नियम पाळला : टोटल कितीही होवो, प्रत्येक विषयात स्वतंत्रपणे पास व्हावंच लागतं. मी एवढंच म्हणतो, सर, तोच नियम इथं लावा. थपडेचा रकाना खोडा, तिथं 'पुरावा' लिहा. खुनी कशावरून ठरला, ते प्रेक्षकाला आधी दाखवलं होतं का, आणि खुन्याने तोंड उघडलं नसतं तरी तो गुन्हेगार ठरला असता का, या तीन प्रश्नांची उत्तरं द्या. पुराव्यात नापास तो भाग नापास. मग दार सागवानी असलं तरी आणि मरणारा कितीही मोठा उद्योगपती असला तरी. टोटल नऊ झाली तरी नापास.

प्रस्ताव सात विरुद्ध एक असा फेटाळला गेला, हे मघाशी सांगितलंच. थपडेशिवाय मजा नाही, असं बहुमताचं म्हणणं पडलं. मी तो दर शनिवारी पुन्हा मांडतो. गेल्या खेपेला वहिनींनी हात वर केला, पण तो सुशिल्यासाठी होता असं सरांनी जाहीर केलं. वहिनी मात्र काही बोलल्या नाहीत, आणि त्यांचा हात थोडा वेळ वरच होता. मी त्याची नोंद सहा विरुद्ध दोन अशी केली आहे.

तुमच्याही गल्लीत असं एखादं मंडळ असेलच. नसलं तर घरात तरी असेल. तेव्हा येत्या भागात खुनी पकडला जाईल, थप्पड बसेल, कबुली निघेल आणि टाळीसाठी तुमचा हात आपोआप उचलला जाईल, त्या वेळी तो तिथंच, हवेत, क्षणभर थांबवा आणि बाजूच्याला विचारा, "सगळं ठीक आहे हो, पण पुरावा काय?"

उचललेला हात थांबवायची सवय असलेली बरी.